बिलावर 'एफआर' लिहिलं होतं : पत्र्याखालची बबल शीट आणि न पेटणाऱ्या प्लॅस्टिक फिल्म

शेडवाला कुपवाड

धागा थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत माझं पंप असेंब्ली आणि पॅकिंगचं छोटं युनिट आहे. पत्र्याची शेड, चार हजार चौरस फूट. उन्हाळ्यात आत उभं राहवत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या लोखंडी आडव्यांच्या, खालून बबल शीट मारून घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पॅकिंगला फुगेवाला प्लॅस्टिक कागद येतो तसाच हा माल, फक्त दोन्ही अंगांना चकचकीत चंदेरी थर. सांगली-मिरज भागात अर्ध्या शेडना आणि पोल्ट्रींना हीच शीट दिसेल.

यंदा एप्रिलमध्ये छतावर टर्बो व्हेंटिलेटर बसवायचा होता. वेल्डर वर, मी खाली गेटपाशी. आधी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुर्र आवाज आला. वर पाहिलं तर शीटला तळहाताएवढं भोक पडलेलं आणि भोकाच्या कडेनं एक पिवळी रेघ सरकत होती. बघता बघता भोक ताटाएवढं झालं, मग खाटेएवढं. आणि थेंब पडायला लागले, जळते थेंब. पडताना प्रत्येक थेंबाचा 'व्झूप' असा आवाज येतो, तो मला अजून रात्री ऐकू येतो. खाली पुठ्ठ्याचे खोके रचलेले. आमच्या एका पोराच्या मनगटावर थेंब पडला, त्यानं झटकला तरी निघेना. कातडीला चिकटून जळतच राहिला.

आग विझवायचे दोन एबीसी सिलिंडर आणि टेस्टिंगच्या टाकीतलं पाणी, एवढ्यावर आम्ही आग आवरली. बंब आला तेव्हा धूर उरला होता. छताची तिसरा हिस्सा शीट चहा उकळायच्या आत गेली. माणसं वाचली, बाकी सगळं परत उभं करता येतं.

आता मुद्दा. विम्याच्या सर्व्हेअरनं विचारलं, शीट एफआर, म्हणजे फायर रिटार्डंट, आग रोखणारी होती का? होती. बिलावर स्पष्ट 'एफआर बबल' लिहिलंय, पैसेही त्याचेच जास्त दिलेत. पुरवठादाराकडे रिपोर्ट मागितला तर त्यानं खरोखर एका लॅबचा कागद पाठवला. त्यावर लिहिलंय : यूएल ९४, व्ही-०, जाडी ३.२ मिलिमीटर.

मला या कागदाचा अर्थ सांगा. एफआर माल असा पेटतो का?

रसायनी

दादा, आधी त्या मुलाचा हात कसा आहे ते कळवा. वितळलेलं पॉलिथिन उतरतं तेव्हा कातडी घेऊन उतरतं. ते ओढायचं नसतं, लगेच भरपूर गार पाणी सोडत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

मी पॉलिमरच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं काढलीत, माहेर सांगलीच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या '३.२ मिलिमीटर'मध्येच आहे.

यूएल ९४ ही प्लॅस्टिक कसं जळतं ते तपासायची अमेरिकन पद्धत. तिच्यातली व्ही-० ही चाचणी काडीवर होते. १२५ मिलिमीटर लांब, १३ रुंद अशी प्लॅस्टिकची काडी उभी टांगतात, खालून दहा सेकंद ज्योत देतात, काढतात, विझली की पुन्हा दहा सेकंद. दर वेळी दहा सेकंदांच्या आत विझली पाहिजे, पाच काड्यांचं सगळं जळणं मिळून पन्नास सेकंदांच्या वर जाता कामा नये आणि खाली ३०० मिलिमीटरवर ठेवलेला कापूस थेंबानं पेटता कामा नये. तुमच्या कागदावरची काडी ३.२ मिलिमीटर जाड होती. तुमच्या शीटमधली फिल्म असते मायक्रॉनमध्ये. म्हणजे ज्या जाडीची परीक्षा झाली, ती वस्तू तुमच्या छतावर नव्हतीच. यूएलचा दर्जा नेहमी जाडीला बांधलेला असतो. ३.२ ला व्ही-० असलेला तोच प्लॅस्टिकचा दाणा पातळ केला की नापास होऊ शकतो.

फिल्मसाठी वेगळी चाचणी आहे, व्हीटीएम. २०० बाय ५० मिलिमीटरची पट्टी सुमारे १२.७ मिलिमीटरच्या दांडीवर गुंडाळून नळी करतात, दांडी काढून ती नळी उभी टांगतात आणि तीन-तीन सेकंद दोनदा ज्योत देतात. गुंडाळायचं कारण असं की पातळ फिल्म ज्योत दिसताच आकसून पळते. न पेटता लांब गेली म्हणून पास, असं व्हायला नको. तुम्हाला हवा होता तो कागद व्हीटीएम-० चा आणि तोही तुमच्या मायक्रॉनचा.

आता पातळ फिल्म इतकी अवघड का. जाड ठोकळ्याला एका बाजूनं ज्योत लागली तर आतला माल उष्णता ओढून घेतो. फिल्मला आत असं काही नाहीच, दोन्ही बाजूंनी हवा. त्यात पॉलिथिन मुळात मेणाच्या जातीचं, जळताना वासही विझलेल्या मेणबत्तीचा येतो. एखादी वस्तू जळत राहायला हवेत किमान किती ऑक्सिजन लागतो याचा एक आकडा असतो, ऑक्सिजन इंडेक्स. पॉलिथिनचा साधारण १७-१८. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणजे साधी फिल्म आपल्या साध्या हवेत आरामात जळते. कडक पीव्हीसीचा आकडा ४५ च्या आसपास, म्हणून पाण्याच्या पाइपला काडी लावली तरी काडी काढताच तो विझतो.

मिरज ब्लोन

माझी ब्लोन फिल्मची, म्हणजे वितळलेला दाणा डायमधून फुग्यासारखा फुगवून फिल्म काढायची, दोन मशिनं आहेत. मी बबल शीट करत नाही, पण मालात काय घालतात ते सांगतो.

केबलवाले आग अडवायला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड घालतात. २०० डिग्रीच्या आसपास ते फुटतं, त्यातून पाणी निघतं, ते पाणी उष्णता खातं. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी असतं त्यात. पद्धत उत्तम, धूर कमी. पण परिणाम व्हायला दाण्यात निम्म्याहून जास्त भर घालावी लागते. केबलच्या जाड सालीत ते खपतं. ५० मायक्रॉनच्या फुग्यात एवढी पावडर घाला, फुगा डायवरच फाटतो. टेंपरेचर जरा वर गेलं की स्क्रूमध्येच पाणी सुटायला लागतं आणि फिल्मभर फोड. मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड ३०० डिग्रीच्या वर फुटतं, ते बरं, पण भर तेवढीच.

म्हणून फिल्मला मास्टरबॅच, म्हणजे औषध दाट भरलेला तयार दाणा, वापरतात. जुना प्रकार ब्रोमिनवाला, जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड. नवा हॅलोजन, म्हणजे ब्रोमिन-क्लोरिन, नसलेला. दोन्ही महाग. आमच्या धंद्यात जे चालतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. डोस अर्धा करायचा आणि शिक्का पूर्ण मारायचा. रिप्रोसेस, म्हणजे भंगार वितळवून केलेला, दाणा मिसळला की मग काय पास होणार नि काय नापास, ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. गिऱ्हाईक मायक्रॉन मोजतं, वजन करतं, रंग बघतं. काडी कुणी लावून बघत नाही.

वाइंडर मिरज

मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. नदीकाठच्या मोटारी पावसाळ्यात भिजल्या की रांग लागते.

आमच्याकडं पण हाच घोळ. गिऱ्हाईक म्हणतं 'क्लास एफचा पेपर टाका, म्हणजे जळणार नाही.' क्लास एफ म्हणजे १५५ डिग्रीपर्यंत इन्सुलेशन टिकतं, क्लास बी १३०, क्लास एच १८०. ही उष्णता सोसायची गोष्ट झाली. ज्योत लागल्यावर काय होईल याचा त्या अक्षराशी संबंध नाही. स्लॉटमध्ये मिलिनेक्स पेपर घालतो तो पॉलिएस्टरची फिल्म असतो, अडीचशेच्या पुढं वितळतो आणि पेटतोसुद्धा. नोमेक्स वेगळा, तो वितळत नाही, काळा कोळसा होऊन जागेवर राहतो. आणि ती सोनेरी पिवळी पॉलिमाइडची टेप, तिला ज्योत लावून बघा, काळी पडते पण थेंब गळत नाही. महाग आहे, पण आहे तशी.

रसायनी

वाइंडरभाऊ, टेपला बहुधा पॉलिइमाइड म्हणायचंय, पॉलिमाइड म्हणजे नायलॉन. बाकी अगदी बरोबर सांगितलंत. उष्णता सोसणं आणि आग न वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कॅटलॉगमध्ये त्या मुद्दाम एकत्र छापतात.

शिरवळ लाइन ३

मी शिरवळला बॅटरी पॅकच्या लाइनवर आहे. आमच्याकडे एफआर फिल्म रोज हातातून जाते म्हणून लिहितोय.

बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आणि धातूची पेटी यांच्यामध्ये पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलिनची एफआर शीट बसते, पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची, घड्या पाडून. चार्जर, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर उघडलात तर सर्किटच्या खाली जो काळा किंवा दुधी घडीचा कागद दिसतो तो हाच. काम दोन : वीज पेटीला लागू द्यायची नाही आणि एखादा घटक तापून पेटला तर त्याला खाद्य द्यायचं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर एआयएस १५६ मध्ये, म्हणजे या गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षा नियमांत, दुरुस्त्या आल्या आणि आमच्या सगळ्या कागदपत्रांची छाननी वाढली. आता रोलच्या प्रत्येक लॉटला जाडीसकट दर्जाचा कागद नसेल तर माल गेटवरून परत जातो. शेडच्या शीटला अशी सवय का नसावी?

शेडवाला कुपवाड

सगळ्यांचे आभार. पोराचा हात भरतोय, डाग राहील म्हणाले डॉक्टर.

रसायनीताईंनी चाचणी सांगितली तशी मी कालच्या रविवारी कंपाउंडमध्ये करून बघितली. वारा नव्हता, बाजूला वाळूची बादली आणि सिलिंडर. तीन माल : छतावर उरलेली माझी शीट, बाजारातली साधी बबल आणि एका दुसऱ्या पुरवठादाराचा नमुना. पाच सेंटिमीटर रुंद, वीस लांब पट्ट्या. वरून चिमट्याला टांगल्या, खाली एक फुटावर कापूस. लायटर तीन सेकंद.

साधी पट्टी पेटली, ज्योत वर चढली, तिसऱ्या-चौथ्या थेंबाला कापूस पेटला. माझी 'एफआर' पट्टी : तसंच. अगदी तसंच, मी पाच वेळा केलं. नव्या नमुन्यानं ज्योत धरली, लायटर काढल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला, दोन थेंब पडले पण विझलेले. कापूस पांढरा राहिला.

ते पाच तुकडे मी पाकिटात घालून सर्व्हेअरना दिलेत.

करंजे, सातारा

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, निवृत्तीनंतर साताऱ्यात. शेडवाले, तुमची चाचणी वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

२ सप्टेंबर १९९८. स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं. कॉकपिटच्या मागं छतावर वायरिंगमध्ये ठिणगी उडाली. विमानाच्या कातडीच्या आत इन्सुलेशनच्या गाद्या असतात, त्यांचं आवरण होतं धातूचा मुलामा दिलेली पॉलिएस्टर फिल्म, तुमच्या शीटसारखीच चंदेरी. ती पेटली आणि आग छतावरून पसरत गेली. विमान कॅनडात नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. ती फिल्म त्या वेळच्या नियमात पास झालेली होती. चाचणी होती उभ्या पट्टीला खालून बन्सनची ज्योत देण्याची. छोटी ज्योत लागली की फिल्म आकसून बाजूला व्हायची, पेटायचीच नाही. प्रत्यक्षात आजूबाजूनं ताप आला आणि आकसायला जागा उरली नाही, तेव्हा तिनं आग वाहून नेली.

त्यानंतर ती आवरणं विमानांतून काढायला लावली आणि २००३ मध्ये अमेरिकेनं अशा इन्सुलेशनसाठी नवी चाचणी आणली. वरून तापलेलं पॅनेल उष्णता फेकत असताना खाली आडव्या नमुन्याला ज्योत देतात आणि ती किती सरकते ते मोजतात. तुमच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय तापमान असतं ते तुम्ही जाणता. रविवारी सकाळी गार हवेत पास झालेली पट्टी तिथं तशीच वागेल हे धरून चालू नका.

रसायनी

काकांनी लिहिलेलं प्रत्येक खरेदी विभागात वाचून दाखवावं असं आहे. ऑक्सिजन इंडेक्सचंही तसंच, तो आकडा गार नमुन्यावर काढतात. माल तापला की जळायला कमी ऑक्सिजन पुरतो.

एफआर फिल्म वेळ देते. ठिणगी पडली तर ती तिथंच मरण्याची शक्यता वाढवते. खालचे खोके पेटून भडका उठला तर एफआर फिल्मही जळणारच. म्हणून शेडवाल्या दादांना माझी विनंती, शीट बदलली तरी वेल्डिंगची शिस्त सोडू नका. ठिणगी उडते त्या जागेपासून अकरा मीटर, म्हणजे ३५ फुटांपर्यंतचा जळाऊ माल हलवायचा किंवा झाकायचा, खाली सिलिंडर घेऊन एक माणूस उभा करायचा आणि काम संपल्यावरही तासभर तिथंच ठेवायचा.

सावळज

नमस्कार. मी शेतकरी माणूस, तुमच्या चाचण्या मला नवीन. पण धागा वाचून पोटात गोळा आला म्हणून विचारतो.

आमच्याकडं बेदाण्याची शेड आहे. जाळीचे रॅक, वर प्लॅस्टिकचा कागद, चारी बाजूंनी शेडनेट. माल वाळत आला की कागदानं सगळं बंद करून आत गंधकाची धुरी देतो, पिवळा रंग धरायला. लोखंडी घमेल्यात गंधक पेटवायचा. आजवर बाबा करत आले तसंच करतोय. मागच्या हंगामात एका घमेल्याजवळचा कागद वितळून लोंबला, पेटला नाही, नशीब. एफआर कागद घातला तर चालंल का? बेदाणा खायचा माल हाय, कागदातलं औषध त्यात उतरंल का? शेतातला कागद पण दोन वर्षांत फाटतो, त्याचं पण सांगा.

रसायनी

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. सावकाश लिहिते.

पहिलं, गंधकाची ज्योत निळी आणि फिकट असते, दिवसाउजेडी दिसतही नाही. घमेलं विझलं असं वाटतं आणि ते जळत असतं. पॉलिथिन ११० डिग्रीच्या आसपासच वितळतं. म्हणजे पेटण्याच्या आधी ते लोंबतं, आणि लोंबून खाली कुठं पडेल, तर घमेल्यात. तुमचं तेवढंच व्हायचं राहिलं. म्हणून आधी घमेलं हलवा. कागदापासून आणि रॅकपासून लांब, मातीत खड्डा करून, वर उलटी लोखंडी जाळी किंवा पत्र्याची टोपी. त्याहून चांगलं म्हणजे गंधक बाहेर पत्र्याच्या बंद पेटीत जाळायचा आणि फक्त धूर लोखंडी पाइपनं आत घ्यायचा. आणि पेटवल्यावर आत थांबू नका, तो वायू फुप्फुसाला वाईट.

दुसरं, कागद लवकर फाटण्याचं. शेतीच्या कागदात ऊन सोसायला एक औषध असतं, हाल्स म्हणतात त्याला. ते स्वभावानं अल्कलीच्या बाजूचं. गंधकाच्या धुराचं आम्ल होतं आणि ते या औषधाला निकामी करतं. द्राक्षबागेत गंधकाची फवारणी आणि शेडमध्ये धुरी, दोन्हीकडं गंधक. म्हणून तुमचा कागद शेजारच्या गावातल्या पॉलिहाउसपेक्षा आधी जातो. ऊन तेवढंच, कागद तोच, तरी.

याच घराण्यातलं एक नवं औषध आहे, नॉर-हाल्स. त्याची अल्कली वृत्ती फार कमी, त्यामुळं गंधकासमोर ते टिकतं. आणि त्याचा दुसरा गुण असा की पातळ पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलिन फिल्ममध्ये तेच आग रोखायचंही काम करतं, शेकडा एक-दीडच्या आसपास डोसमध्ये. त्यात ब्रोमिन नाही. मला रसायनशास्त्रात ज्या थोड्या गोष्टी सुंदर वाटतात त्यातली ही एक, दोन्ही रोगांना एकच औषध. कागद घेताना 'गंधक सोसणारा यूव्ही पॅक, नॉर प्रकारचा' असं विचारा. उत्तर आलं नाही तर दुकान बदला.

तिसरं, खायच्या मालाचं. ज्या कागदावर किंवा ट्रेवर बेदाणा प्रत्यक्ष पडतो तिथं एफआर माल वापरू नका, तिथं अन्नासाठीचाच कागद. एफआर फक्त वरच्या आवरणाला. यावर मी हट्टी आहे त्याला कारण आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत मिशिगनला ब्रोमिनवालं आगरोधक चुकून जनावरांच्या खाद्यात मिसळलं गेलं, पोत्यांची अदलाबदल झाली. ते चरबीत साठतं, दुधात उतरतं. कळेपर्यंत महिने गेले, सुमारे तीस हजार जनावरं मारावी लागली. त्यानंतरचीही ब्रोमिनवाली काही औषधं एकेक करत जगभर बंद होत आली, एचबीसीडी २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विरणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं, डेकाबीडीई २०१७ मध्ये. आपल्याकडचा जुना इलेक्ट्रॉनिक भंगाराचा काळा दाणा परत फिरून कशात येईल ते सांगता येत नाही, म्हणून बेदाण्याच्या आसपास काळा रिप्रोसेस कागद नकोच.

ब्रोमिन किंवा क्लोरिन आहे का हे बघायची एक जुनी युक्ती आहे. तांब्याची तार लाल तापवायची, गरम असतानाच प्लॅस्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर आहे. उघड्यावर करा, धूर घेऊ नका.

मिरज ब्लोन

सावळजकर, नॉर पॅकचा मास्टरबॅच माझ्याकडं नमुन्याला आलाय. तुमच्या शेडच्या मापाचा एक रोल काढून देतो, दाण्याचे पैसे द्या फक्त. पण एका हंगामाचा हिशोब ठेवा. कधी बांधला, किती धुऱ्या दिल्या, कधी फाटला. मला तो आकडा हवाय.

सावळज

ठेवतो. ताई, काल बाबांबरोबर बसून पत्र्याच्या पेटीचं माप काढलं. कवठ्याच्या एका फॅब्रिकेटरला दिलंय करायला, पाइप तीन इंची. बाबा म्हणाले हे आधीच करायला पाहिजे होतं.

शेडवाला कुपवाड

नवी शीट मागवलीय. पर्चेस ऑर्डरवर जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो, कुणाला उपयोगी पडलं तर घ्या :

'बबल शीट, पुरवलेल्या जाडीच्या फिल्मवर व्हीटीएम-० चा चाचणी अहवाल, अहवालावर जाडी मायक्रॉनमध्ये. जाड काडीवरचा अहवाल चालणार नाही. माल उतरवताना प्रत्येक रोलच्या सुरुवातीची आणि शेवटची पट्टी आमच्या आवारात जाळून पाहिली जाईल. कापूस पेटला तर रोल परत.'

चार पुरवठादारांना पाठवली. दोघांचं उत्तर आलं नाही. एकानं फोन करून 'साहेब, असं कुणी मागत नाही' म्हटलं. चौथ्यानं अहवाल पाठवलाय, ४० मायक्रॉन, आणि म्हणाला की पट्टी जाळताना मी स्वतः येतो. शुक्रवारी गाडी येतेय. कापसाचं पाकीट आणून ठेवलंय, चिमटा त्या पोरानंच धरायचा म्हणतोय.